क्यासनूरचा माकडताप: मेलेली माकडं, गोचिड्या आणि जंगलाची कड

१९५७ साली, पावसाळ्याआधीच्या महिन्यांत, तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात सोरब आणि सागर तालुक्यांच्या बाजूला जंगलात माकडं मरून पडलेली दिसायला लागली. आणि त्याच जंगलाला लागून असलेल्या गावांत माणसं तापाने फणफणायला लागली. ताप असा की काल रानात लाकडं गोळा करणारा माणूस आज उठून बसू शकत नाही, डोकं फुटेल असं दुखतंय, पाठ आणि पोटऱ्या भरून आल्यात, डोळे लाल, काहींच्या नाकातून नि हिरड्यांतून रक्त. आधी टायफॉइडसारखं काहीतरी असेल असं वाटलं. पण टायफॉइडने माकडं मरत नाहीत, आणि इथे दोन्ही एकाच वेळी, एकाच जागी चाललेलं होतं.

माझं मत स्पष्ट आहे, बायोलॉजी शिकणाऱ्या प्रत्येकाने ही केस एकदा तरी मुळापासून समजून घ्यावी. आपल्याकडे रोग एका युनिटमध्ये येतात, प्राण्यांचं वर्गीकरण दुसऱ्या युनिटमध्ये, इकॉलॉजी तिसऱ्यात, आणि परीक्षाही तशीच वेगवेगळी होते. क्यासनूरच्या केसमध्ये यातलं एकही युनिट बाजूला ठेवलं तर काही म्हणजे काही कळत नाही. व्हायरस कळला तरी आजार कळत नाही, आजार कळला तरी तो याच गावात का आला हे कळत नाही.

संशय आधी कुणावर गेला

पुण्यात तेव्हा व्हायरस रिसर्च सेंटर होतं, १९५२ मध्ये आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशनने मिळून सुरू केलेलं, म्हणजे आजची आपली एनआयव्ही, राष्ट्रीय विषाणू संस्था. डास आणि गोचिडींसारख्या रक्त पिणाऱ्या जीवांमधून पसरणारे व्हायरस शोधणं हेच त्यांचं मुख्य काम, आणि टेलफर्ड वर्क तिथे संचालक होते. माकडं मरतायत आणि माणसांना रक्तस्रावाचा ताप येतोय हे ऐकल्यावर या लोकांच्या डोक्यात पहिलं नाव आलं ते यलो फीव्हरचं, म्हणजे डासांमधून पसरणाऱ्या पीतज्वराचं, आणि ते येणं अगदी बरोबर होतं. दक्षिण अमेरिकेतल्या जंगलांत यलो फीव्हरची साथ यायच्या आधी माकडं मरतात, हा तिथला ओळखीचा इशारा आहे. भारतात यलो फीव्हर कधीच नव्हता, पण तो पसरवू शकणारा एडिस इजिप्ती डास भरपूर होता आणि लोकांमध्ये इम्युनिटी शून्य, त्यामुळे संशय खरा निघाला असता तर काय झालं असतं याची कल्पनाही करवत नाही.

टीम गेली, आजारी आणि मेलेल्या माकडांचे सॅम्पल घेतले, माणसांचं रक्त घेतलं, जंगलात सापडणारे किडे, डास, गोचिड्या सगळं गोळा केलं. व्हायरस वेगळा काढता आला, पण तो यलो फीव्हरचा निघाला नाही. टेस्टमध्ये तो जुळला रशियाच्या टैगा जंगलात गोचिडींमधून पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या व्हायरसशी, म्हणजे रशियन स्प्रिंग समर एन्सेफलायटिसच्या कुटुंबाशी. आणि जंगलातल्या गोचिडींमध्येही तोच व्हायरस मिळाला. ज्या जंगलातल्या माकडात तो सापडला त्या क्यासनूर जंगलाचंच नाव आजाराला मिळालं, क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, केएफडी. लोकांच्या तोंडी मात्र माकडताप.

आता प्रश्न असा की सायबेरियातल्या व्हायरसचा भाऊबंद सह्याद्रीत आला कुठून. एक शक्यता लगेच पुढे आली, स्थलांतर करणारे पक्षी. उत्तरेकडून दर हिवाळ्यात पक्षी भारतात येतात, त्यांच्या अंगावर गोचिड्या असू शकतात, म्हणजे व्हायरस पंखांवर बसून आला असेल. हे तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायात ओळखीची कडी घालण्याचा मोठा कार्यक्रम १९५९ च्या सुमाराला सुरू केला. पक्ष्यांनी केएफडी आणला असा पुरावा काही मिळाला नाही, व्हायरस इथलाच असावा असंच पुढे मानलं गेलं, पण पक्षी कुठून येतात नि कुठे जातात याची भारतातली पद्धतशीर माहिती या आजाराच्या निमित्ताने जमायला लागली. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण एक चुकलेलं गृहीतक नीट तपासलं की तेसुद्धा विज्ञानाला काहीतरी देऊन जातं आणि हे आपल्याला प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये कधी लिहायला मिळत नाही, तिथे अपेक्षित निष्कर्षच लिहायचा असतो.

गोचिडीचं आयुष्य समजल्याशिवाय पुढे जाता येत नाही

या केसमधलं खरं मुख्य पात्र हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा नावाची गोचीड आहे. इतर जातींच्या गोचिडींतही व्हायरस सापडलाय, पण माणसापर्यंत पोचवणारी मुख्य ही. ही तीन होस्टवाली (होस्ट म्हणजे ज्याच्या अंगावर ती जगते तो प्राणी) गोचीड आहे, म्हणजे आयुष्यात तीन वेळा रक्त पिते आणि दर वेळी वेगळ्या प्राण्याचं. अंड्यातून सहा पायांची लार्व्हा निघते, ती साधारण पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जास्त दिसते. ती उंदीर, चिचुंद्री, जमिनीवर वावरणारे पक्षी, माकड, जो मिळेल त्याचं रक्त पिते, खाली पडते, पालापाचोळ्यात कात टाकते आणि आठ पायांची निम्फ होते. निम्फचा जोर डिसेंबर-जानेवारीपासून मेपर्यंत. निम्फ परत कुणाला तरी चिकटते, पोट भरलं की खाली पडून प्रौढ होते, आणि प्रौढ गोचिड्या पावसाळ्यात मोठे प्राणी शोधतात, गुरं, सांबर, रानडुक्कर असे. मादी भरपूर रक्त पिऊन फुगते, खाली पडते, हजारोंनी अंडी घालते आणि मरते. परत तेच.

आता यात व्हायरस बसवून बघा. लार्व्हाने जर अशा प्राण्याचं रक्त प्यायलं ज्याच्या रक्तात व्हायरस खच्चून भरलाय, तर तो व्हायरस गोचिडीच्या शरीरात कात टाकल्यानंतरही टिकतो. म्हणजे जी निम्फ तयार होते ती व्हायरस घेऊनच तयार होते. तिला आता चावायला माणूस मिळाला तर माणसाला ताप, माकड मिळालं तर माकडाला. निम्फ इतकी बारीक असते की अंगावर चढलेली कळत नाही, चावल्यावरही पटकन कळत नाही.

माकडांचं स्थान इथे कळतं. काळ्या तोंडाची वानरं आणि लाल तोंडाची टोपीवाली माकडं, दोघांनाही हा व्हायरस जोरात धरतो, त्यातही वानरं जास्त मरतात. आजारी माकडाच्या रक्तात व्हायरसचं प्रमाण प्रचंड वाढतं, म्हणून त्याला अँप्लिफायिंग होस्ट, म्हणजे व्हायरस वाढवणारा प्राणी, म्हणतात. माकड आजारी पडलं की मंदावतं, झाडावरून खाली येतं, जमिनीवर बसून राहतं, त्याच्या अंगावर गोचिड्या चढत राहतात आणि ते मेलं की थंड होत चाललेल्या शरीरावरून सगळ्या उतरतात. म्हणजे जिथे माकड मेलं ती जागा पुढचे बरेच दिवस व्हायरसवाल्या गोचिडींचं ठिकाण बनते, आणि हे डोळ्याला दिसत नाही, दिसतो फक्त पालापाचोळा. कुणी तिथून सरपण आणायला गेलं, की संपलं.

त्यामुळे माकडं ताप पसरवतात असं जेव्हा सरसकट बोललं जातं तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. माकड या साखळीतलं सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त मरणारं जनावर आहे, आपल्या अगोदर तेच आजारी पडतं आणि त्याच्या मरण्यानेच आपल्याला कळतं की या भागात व्हायरस फिरतोय. माकडं हुसकावून किंवा मारून काही साध्य होत नाही, उलट मेलेल्या माकडाच्या आसपास गोचिड्या सांडतात हे तर आत्ताच बघितलं. नोव्हेंबर-डिसेंबर २०१२ मध्ये कर्नाटकातल्या बांदीपूर व्याघ्र प्रकल्पात ज्यांना हा आजार झाला ते मेलेल्या माकडांना हाताळणारे, त्यांची विल्हेवाट लावणारे लोक होते, आणि शिमोग्याच्या पट्ट्यापासून बांदीपूर बरंच लांब आहे.

गुरांचं कोडं

मला या केसमधला सगळ्यात विचार करायला लावणारा भाग गुरांचा वाटतो. गुरांना केएफडी होत नाही म्हटलं तरी चालेल, त्यांच्या रक्तात व्हायरस एवढा वाढतच नाही की त्यांना चावून गोचीड इन्फेक्ट होईल. मग साध्या हिशोबाने गुरं निर्दोष, केसमधून बाहेर. उलट कुणी असंही म्हणेल की गोचिड्या गुरांना चावल्या तर बरंच, तेवढ्याच माणसाला कमी चावतील.

पण प्रौढ मादीला अंडी घालायला पोटभर रक्त लागतं आणि ते रक्त जंगलाच्या कडेला सगळ्यात सहज कुठे मिळतं, तर चरायला सोडलेल्या गुरांच्या अंगावर. पूर्वी दाट जंगलात मोठे प्राणी विखुरलेले, त्यामुळे गोचिड्याही विखुरलेल्या. गावं वाढली, गुरं वाढली, ती रोज त्याच वाटेने जंगलात जाऊन परत येतात, आणि त्या वाटांवर नि चराऊ पट्ट्यांवर फुगलेल्या माद्या पडत राहतात. पुढच्या हंगामात तिथेच लाखोंनी लार्व्हा. व्हायरसचा एक कणही न बाळगता गुरं साथीला लागणारी सगळी सामग्री पुरवतात. आपण व्हेक्टर (रोग वाहून नेणारा), रिझर्व्हॉयर (ज्याच्यात व्हायरस टिकून राहतो तो), होस्ट अशा चौकटी पाठ करतो, गाय यातल्या एकाही चौकटीत नीट बसत नाही आणि तरी तिच्याशिवाय ही साथ एवढी मोठी होत नाही. कुणाच्या शरीरात व्हायरस आहे एवढंच शोधत बसलं तर गाय कधी सापडणारच नाही, कोण कुणाला खातं-पितं हे शोधलं तरच सापडते.

हे सगळं जोडून मांडणारा माणूस होर्हे बोशेल. ते मूळचे कोलंबियाचे, तिथल्या जंगली यलो फीव्हरवर त्यांनी काम केलेलं होतं. तिथे त्यांच्या लक्षात आलं होतं की झाडांच्या शेंड्यावर राहणारे डास झाड तोडलं की त्याच्याबरोबर खाली जमिनीवर येतात आणि लाकूडतोड्यांना चावतात, म्हणजे आजार शेंड्यावरून माणसापर्यंत कुऱ्हाडीमुळे पोचतो. तेच पुढे क्यासनूरवर काम करायला आले आणि १९६९ मध्ये त्यांनी या आजाराच्या इकॉलॉजीवर जो पेपर लिहिला त्यात जंगलतोड, वाढलेली वस्ती, वाढलेली गुरं आणि तोडलेल्या जागी माजलेली घाणेरीची झुडपं यांचा संबंध मांडला. घाणेरी म्हणजे लँटाना, बाहेरून आलेली, तोडलेल्या जंगलाच्या कडेला ती अशी दाट वाढते की खाली दमट सावली राहते, उंदीर-चिचुंद्र्यांना लपायला जागा, गोचिडींना हवामान एकदम योग्य. अखंड दाट जंगलातही एवढा धोका नाही आणि पूर्ण मोकळ्या शेतातही नाही, धोका आहे तो मधल्या तुटक पट्ट्यात, जिथे शेत, झुडूप, जंगल, गुरं, माकडं, माणसं सगळी एकमेकांत मिसळतात.

यावर शंका असेल तर निडलेची घटना बघावी. दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या बेळतंगडी तालुक्यातलं हे गाव. १९८२ च्या सुमाराला तिथलं राखीव जंगल काजूच्या लागवडीसाठी तोडलं गेलं आणि लगोलग त्या भागात केएफडीची भयंकर साथ आली, हजाराहून जास्त केसेस, शंभराहून जास्त माणसं गेली, कितीतरी माकडं मेली. तोपर्यंत आजार मुख्यतः शिमोगा आणि आसपासच फिरत होता.

माणसाच्या शरीरात काय होतं

गोचीड चावल्यावर साधारण ३ ते ८ दिवसांत अचानक थंडी वाजून ताप येतो, बाकी लक्षणं वर सांगितलीच. बीपी खाली येतं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स कमी होतात. बहुतेक लोक एक-दोन आठवड्यांत सावरायला लागतात, अशक्तपणा मात्र खूप दिवस राहतो. साधारण १० ते २० टक्के रुग्णांना मध्ये बरं वाटून परत ताप येतो आणि या दुसऱ्या फेरीत मेंदूवर परिणाम दिसतो, तीव्र डोकेदुखी, मान ताठ, हात थरथरणं, दिसण्यात अडचण, गोंधळलेपण. म्हणजे ताप उतरला म्हणून सुटलो असं नाही. मृत्यूचं प्रमाण साधारण ३ ते ५ टक्के. व्हायरसवर थेट चालणारं औषध नाही, शरीरातलं पाणी सांभाळणं, रक्तस्रावावर लक्ष ठेवणं, हेच उपचार, आणि म्हणून लवकर ओळखणं महत्त्वाचं. पहिल्या काही दिवसांत पीसीआरने, म्हणजे व्हायरसचं जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या टेस्टने, व्हायरस सापडतो, नंतर अँटीबॉडीची टेस्ट.

एका माणसाकडून दुसऱ्याला हा आजार होत नाही. व्हायरसच्या दृष्टीने माणूस म्हणजे रस्त्याचा शेवट आहे, पुढे जायला वाट नाही. त्याचं चक्र आपल्याशिवाय व्यवस्थित चालतं, आपण मध्ये जाऊन पडतो. व्हायरसवर लॅबमध्ये काम करताना मात्र अनेक संशोधक आणि कर्मचारी आजारी पडले होते, तेव्हा आजच्यासारख्या सुरक्षित लॅब नव्हत्या, आणि तरी त्या लोकांनी काम चालू ठेवलं म्हणून आज आपल्याकडे हे ज्ञान आहे. त्यांच्याबद्दल मला खूप आदर आहे.

आपल्या इकडे

हे कर्नाटकातलं प्रकरण आहे असं समजून सोडून द्यायची सोय राहिलेली नाही. केरळमध्ये वायनाड, गोव्यात सत्तरी आणि २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग नि बांदा परिसरात माकडतापाची साथ आली. नकाशावर ही ठिकाणं लावली तर पश्चिम घाटाची रेघच तयार होते. सिंधुदुर्गात काजूच्या बागा जंगलाला खेटून आहेत आणि काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे, बरोबर निम्फचाही तोच. बोंडं गोळा करायला वाकून, पाल्यात हात घालून, बऱ्याचदा अनवाणी काम करायचं असतं. म्हणजे जो माणूस सगळ्यात जास्त धोक्यात आहे त्याला काम सोडून घरी बस म्हणणं शक्य नाही, त्याचं वर्षाचं उत्पन्न त्या महिन्यांत असतं. जंगलात जाऊ नका ही सूचना फलकावर लिहायला सोपी आहे, ज्याला रोज जायचंच आहे त्याला ती काही कामाची नाही. त्यापेक्षा अंगभर कपडे, पायमोजे, डेपा नावाचं गोचीड दूर ठेवणारं तेल, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि अंग तपासणं, कपडे गरम पाण्यात, हे सांगणं जास्त प्रामाणिक आहे.

लसीचं मात्र वाईट झालं. कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत वाढवून फॉर्मॅलिनने मारलेल्या व्हायरसची लस १९९० पासून कर्नाटकात दिली जात होती, दोन डोस आणि मग बूस्टर परत परत, टोचल्यावर हात दुखायचा, त्यामुळे लोक पुढचे डोस टाळायचे. पुढच्या अभ्यासांत तिचं संरक्षण कमी पडतंय असं दिसलं आणि अलीकडे ती बंद झाली, नवीन लसीचं काम चालू आहे. तोपर्यंत सगळा भार आधी कळण्यावर आहे, आणि आधी कळण्याचे रस्ते दोनच आहेत, मेलेलं माकड आणि गोचीड.

मेलेल्या माकडाचं काय करायचं हे ठरलेलं आहे, हात लावायचा नाही, वन विभाग, पशुवैद्यकीय किंवा आरोग्य विभागाला लगेच कळवायचं, ते सॅम्पल घेतात आणि त्या जागेभोवती कीटकनाशक टाकतात. पण यासाठी कुणीतरी ते माकड बघून कळवलं पाहिजे, आणि दाट झुडपात मेलेलं माकड कितीदा कुणालाच दिसत नाही. गोचिडींचं तसं नाही, त्या मुद्दाम शोधता येतात. पांढरं जाडसर फ्लॅनेलचं कापड काठीला बांधून पालापाचोळ्यावरून ओढत न्यायचं, गोचिड्या त्याला चिकटतात, चिमट्याने काढून मोजायच्या, जात ओळखायची, लॅबला पाठवायच्या. क्यासनूर भागात ही पद्धत जुन्या काळापासून वापरली गेली आहे. पश्चिम घाटातल्या प्रत्येक कॉलेजच्या झूलॉजी विभागाने, आरोग्य विभागाच्या देखरेखीखाली आणि संरक्षणाची पूर्ण तयारी करून, निदान गोचिडींच्या जाती आणि हंगाम यांची नोंद ठेवायला सुरुवात करावी असं मला तळमळीने वाटतं. आत्ता आपल्या फील्ड प्रोजेक्टमध्ये फुलपाखरं आणि पक्षी असतात, ते असूच देत, त्याच्या जोडीला ऑक्टोबर ते मे या महिन्यांचा गोचिडींचा तक्ता पण असला पाहिजे, कुठल्या बागेच्या कडेला किती, घाणेरीखाली किती, गुरांच्या वाटेवर किती, आणि तो तक्ता दर महिन्याला तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यापर्यंत पोचला पाहिजे.